दिवाकरनाथांचे डोळे

रोह्याचा टेम्पो मोकलांच्या कारखान्यासमोर थांबला आणि चंद्रावती मढवी शिव्या घालतच खाली उतरल्या. शिव्या ड्रायव्हरला नव्हत्या. त्या थेट दिल्लीला होत्या.

"नागोठन्यापासून कासूपर्यंत खड्ड्यांनी माझा एक हाड जाग्यावर ऱ्हायला नाय. आन तो मेला टीव्हीवर येऊन बोलतो, धीर धरा! अरे, धीर धरला, टेम्पोचा दांडा धरला, कंबर धरली. आता काय तुझा गला धरू?"

मागून संध्या उतरली, तिच्यामागून जगन. नवरा-बायको दोघांनी आईकडे बघून न बघितल्यासारखं केलं. रोह्यापासून पेणपर्यंत हेच कीर्तन चाललं होतं.

दारात ठमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. लेक, जावई आणि विहीण एकदम आल्यावर ज्या क्रमाने हसायचं असतं त्या क्रमाने त्या हसल्या, म्हणजे विहिणीकडे बघून सगळ्यात जास्त.

"या विहीनबाय, या. गनपती तयार हाय तुमचा. कवाशीच बसलाय वाट बघत."

मढवींचा पाट दर आषाढात मोकलांकडे येतो. त्यांच्याच घरचा, सागाचा, कोपऱ्यावर खिळा मारलेला. त्याच पाटावर नाथा मोकल गणपती घडवतात आणि चतुर्थीच्या आधी मढवी येऊन घेऊन जातात. किंमत आधी कुणी विचारत नाही, मूर्ती कशी हवी तेही कुणी सांगत नाही. पाट दिला म्हणजे विश्वास दिला. संध्याचं लग्नदेखील असंच पाट न्यायला आलेल्यांनी चहाच्या कपावर ठरवलं होतं. त्यामुळे पाट मध्येच रिकामा परत मागणं म्हणजे काय, हे पेणच्या आणि रोह्याच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. भांडणात शिवी देतात, फार झालं तर हात उचलतात, पण पाट परत मागत नाहीत.

कारखान्यात घाऊक मालाचे शेकडो गणपती होते. ते कारागिरांनी केलेले, मुंबईला जाणारे. पण भिंतीकडच्या फळीवरचे, पाटावर बसलेले, ते नाथांचे. त्यांच्या डोळ्यांची आखणी गेली पन्नासेक वर्षं नाथांखेरीज कुणी केली नव्हती. निलेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कारखान्याची पाटी बदलली, रंग बदलले, फवाऱ्याचं मशीन आणलं, पण आखणीच्या ब्रशला हात लावायची त्याची छाती झाली नव्हती. तोंडावर रुमाल टाकलेल्या त्या गणपतींतला पहिला आज कारखान्याबाहेर पडणार होता.

रुमाल घरी नेऊनच काढायचा असतो. चंद्रावतींना हे ठाऊक होतं. पण त्या म्हणाल्या, "ह्या देशात आता काय पन न बघता घेयाचा नाय," आणि त्यांनी रुमाल उचलला.

मग बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. चंद्रावती मढवी गप्प आहेत म्हटल्यावर जगन घाबरला.

"आये, काय झाला?"

"जगन, हिकडं ये. याला कुठं बघितलाय का सांग."

जगन आला. त्याने गणपतीकडे बघितलं आणि गणपतीने त्याच्याकडे. डावी भुवई किंचित वर, पापण्या अर्ध्यावर, बुबुळं कोपऱ्यात सरकलेली. समोरच्याने काहीतरी मूर्खपणा केलाय आणि आपण तो मोठ्या मनाने माफ केलाय, असा भाव. हा भाव जगन रोज बघत होता. गॅसच्या कार्डावर, रेशनच्या पिशवीवर, पेट्रोल पंपावर, बंद पडलेल्या त्याच्या कंपनीच्या भिंतीवर.

"बरी आहे की नजर," जगन पुटपुटला. सासुरवाडीत जावयाने खरं बोलू नये, एवढं शिक्षण त्याला होतं.

"बरी हाय?" चंद्रावतींचा आवाज फुटला. "अरे, ह्यो दिवाकरनाथ हाय! सोंड लावून बसलाय मेला!"

दिवाकरनाथजी म्हणजे देशाचे थोर नेते. थोर हे आम्ही म्हणत नाही, त्यांच्याच पोस्टरवर लिहिलेलं असतं. धरमतरच्या खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून पक्का बांध देतो, असं ते पेणच्या सभेत म्हणाले होते. नारळ फुटला, फोटो निघाला, नारळाचा प्रसादही वाटला. बांध तेवढा यायचा राहिला. खाडी मात्र दर उधाणाला वेळेवर येते. पुढे त्यांनी रातोरात एक नियम काढला, का काढला ते त्यांनाही सांगता येईना, आणि रोह्यातल्या लहान कंपन्यांना एकामागून एक कुलपं लागली. जगन गेल्या दिवाळीपासून घरी होता. लोक ओरडायला लागले तेव्हा साहेबांनी भाषण केलं की त्रास होतोय याचा अर्थ देश पुढे चाललाय. त्यानंतर लोकांनी ओरडणं सोडून हसायला सुरुवात केली. नेत्याच्या दृष्टीने ते जास्त वाईट.

निलेश धावत आला. तो चांगला धंदेवाला होता, म्हणजे संकट आलं की आधी बल्बला दोष द्यायचा.

"मावशी, उजेड वरून पडतोय ना, म्हणून तसं वाटतं. घरी समईच्या उजेडात बघा, एकदम प्रसन्न दिसंल."

"व्हय का? मग तो बघू दे." चंद्रावती तरातरा कोपऱ्यात गेल्या आणि गोणपाटाखाली काय झाकलंय ते कुणी अडवायच्या आत उघडं केलं.

आत साक्षात दिवाकरनाथजी होते. छातीपर्यंतचे, सोनेरी रंगाचे. शिमग्यानंतर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ही ऑर्डर दिली होती, ऑफिसात बसवायला. डोळे नाथांनीच करायचे, असा त्यांचा हट्ट. नाथांनी केले. कार्यकर्ते म्हणाले, साहेबांची नजर येत नाही. नाथांनी पुसून परत केले. अजून येत नाही. पावसाळा लागेपर्यंत नाथा रोज सकाळी साहेबांचे डोळे पुसत आणि आखत बसले. शेवटी नजर आली, आणि ती आली तोवर साहेबांचा भाव इतका उतरला होता की पुतळा न्यायला कार्यकर्तेच येईनात. आता ते फोनही उचलत नव्हते. त्यातल्या एकाने तर सांगितलं म्हणे, आपण मुळात त्या पक्षात नव्हतोच.

पुतळा तिथे राहिला. नजर हातात राहिली. आणि त्याच हाताने नाथांनी गणपतींची आखणी सुरू केली.

चंद्रावतींनी एक बोट पुतळ्याकडे केलं, एक गणपतीकडे. "उजेड?" त्यांनी निलेशला विचारलं.

मग त्यांनी शेजारचा रुमाल उचलला. कासूच्या पाटलांचा गणपती, तीच नजर. त्याच्या पलीकडचा, तीच. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवाकरनाथजी पाटावर मांडी घालून बसले होते आणि सगळ्यांना माफ करत होते. इतकं बहुमत त्यांना दिल्लीतही कधी मिळालं नव्हतं.

"काय गलबला लावलाय?"

नाथा आतल्या खोलीतून बाहेर आले. पंचाहत्तरीचे, सडसडीत, कपाळावर चष्मा. त्यांच्यामागे मनस्वी, निलेशची लेक, हातात रंगाची वाटी घेऊन. कॉलेज करून ती आजोबांच्या हाताखाली रंगाला बसायची. दागिने, सोवळं, सोंडेवरचं गंध हे सगळं तिचं. डोळ्यांपाशी आलं की ती उठायची आणि आबा बसायचे.

"व्याही," चंद्रावती म्हणाल्या, "माझे घरात ज्याच्यामुले चूल अर्धी झाली, त्याची आरती मी करनार नाय. सुखकर्ता बोलाचा कुनाला? ह्याला?"

"कुनाला काय? गनपती हाय तो."

"डोले दिवाकरनाथाचे हायेत."

"डोले माझे हायेत," नाथा म्हणाले. "माझे हातचे. आन त्या मानसाला उगाच नाव ठेवू नका. त्यानी बांध देतो बोललाय."

"बोललाय! व्याही, माझा जगन पन लग्नात बोललावता, संध्याला सोन्यानी मढवतो. इचारा तिला, कुठवर मढवलाय."

जगनने टेम्पोचं टायर तपासायला जायचं ठरवलं.

नाथांना लोक हसत होते ते ठाऊक होतं. नाक्यावर त्यांना बघून पोरं "धीर धरा" म्हणायची. पण खाडीला लागून असलेली त्यांची दोन शेतं खारं पाणी पिऊन पांढरी पडली होती, आणि त्या शेतांत पुन्हा भात होईल असं सबंध जगात एकाच माणसाने त्यांना सांगितलं होतं. तो खोटा म्हटला की शेतं गेली. इतकं साधं होतं ते. म्हातारा वेडा नव्हता, त्याला दुसरं कुणी काही देत नव्हतं.

"बांध व्हनार," ते म्हणाले. "येल लागतो."

"मग त्याचे डोले त्याचे बांधावर लावा. माझा पाट मना रिकामा करून द्या. रोह्यात पन गनपती मिलतात."

 कारागिरांचे ब्रश थांबले.

ठमाबाई आतापर्यंत विहिणीची मर्जी राखत होत्या. आता त्यांनी तांब्या खाली आपटला. "विहीनबाय, तोंड सांभालून! पाट मागता? माझे मालकांनी तुमचे सासऱ्याचे टायमापासून गनपती दिलाय. तुमचे घरात तवा आरतीचा ताट पन नव्हता."

"ताट नव्हता, पन देव देवासारखा होता!"

संध्या दोघींच्या मध्ये उभी होती. कुठल्याही सुनेची जागा तीच असते. पाट गेला तर काय जाणार होतं ते तिला एकटीला नीट कळत होतं. आषाढात पाट आणायला दोन दिवस, चतुर्थीला न्यायला दोन दिवस, एवढंच तिचं माहेर होतं. बाकी वर्षभर सासू म्हणायची, कामं कोण करेल. पाटाला मात्र सासूही नाही म्हणू शकत नव्हती. संध्या सासूला म्हणाली असती, आत्या, या वर्षी असूद्या, घेऊन जाऊ, रुमाल नीट बांधू. म्हणणारही होती. पण तिने वडिलांकडे बघितलं. ते गणपतीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वाकून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. त्यांना ती नजर दिसतच नव्हती.

ती दोघींच्या मधून निघून त्यांच्याजवळ गेली.

"बाबा," ती म्हणाली, "आत्या बोलतात ते खरं हाय. त्याचेच डोले हायेत."

नाथांनी मान वर केली. लेकीने सासूची बाजू घेतली हे त्यांना लागलं, पण ती रडवेली झाली होती हेही त्यांनी ऐकलं. मग ते मुलाकडे वळले.

"निल्या. तुला दिसला होता?"

निलेशने छताकडे बघितलं. "म्हणजे, थोडंसं... मला वाटलं नवीन पद्धत असेल."

"कवापासून?"

"पहिला गणपती झाला तेव्हापासून."

"ठमे, तुला?"

"मना काय कलतंय त्यातला," ठमाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना ते खोटं पेलवेना. "दिसला. सगल्यांना दिसला. तुमचे तोंडाला लागनार कोन? मागं एकदा निल्या बोलला का कान मोठा झालाय, तर चार दिवस जेवला नाय तुमी."

"मनू?"

मनस्वीने वाटी खाली ठेवली. "मी रंगवलेले दागिने मस्त झाले म्हणून तुम्ही म्हणालात, आबा. मग मी पण म्हणाले, डोळे मस्त झाले."

चंद्रावती पदराने वारा घेत म्हणाल्या, "दिल्लीला पन असाच असंल. तो वाटोला करतो आन बाजूचे बोलतात, मस्त झाला." मग थोडं थांबून, "आमी तरी काय, त्याचे सभेत मीच टाली वाजवलीवती, मत पन त्यालाच दिलावता."

हे पहिल्यांदाच कळलं होतं. दाराबाहेर जगनने टायर सोडून कान दिला.

नाथा ताठ झाले. "चुकला आसंल तर सुधारतो. हात मोडला नाय माझा. मनू, पांढरा दे."

त्यांनी मढवींचा गणपती पुढ्यात घेतला आणि दोन्ही डोळ्यांवर पांढरा रंग फिरवला. क्षणभर गणपती आंधळा झाला आणि खरं सांगायचं तर बरा दिसला. पांढरा वाळू दिला. मग नाथांनी बारीक ब्रश उचलला, श्वास रोखला आणि पापणीची रेघ ओढली. हात कापला नाही. पन्नास वर्षांचा हात होता तो, रेघ एका दमात, केसासारखी. खालची रेघ. भुवई. बुबुळ. सगळे जवळ सरकले होते. ठमाबाईंनी विहिणीचा दंड धरला होता आणि दोघींच्याही ते लक्षात नव्हतं.

नाथांनी ब्रश उचलून अंग मागे घेतलं.

भुवई किंचित वर. पापण्या अर्ध्यावर. साहेब पुन्हा निवडून आले होते.

"वा, बाबा," निलेशच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "आता कसं..." मग तो थांबला, कारण मनस्वी त्याच्याकडे बघत होती.

नाथा उत्तराची वाट बघत होते. हे सगळ्यांत वाईट होतं. आखणी झाल्यावर त्यांनी कधी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं, आणि आज ते एकेका तोंडाकडे बघत होते, लहान पोर पाढे म्हणून झाल्यावर मास्तरांकडे बघतं तसे. जगन दारात आला होता. कारागीर माना खाली घालून उभे होते. चंद्रावतींसारख्या चंद्रावती, त्याही पदर नीट करू लागल्या.

संध्याने वडिलांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, परत तोच आला."

"खरा?"

"खरा."

नाथांनी ब्रश वाटीत ठेवला. आता ते भडकणार, म्हणून ठमाबाईंनी डोळे मिटले. ते उठून जातील, जेवणार नाहीत, चार दिवस अंगणात बसतील. निलेश मनात हिशोब करत होता की चतुर्थीपर्यंत रोह्याचे, कासूचे, वडखळचे सगळे येणार, आणि त्यांना काय सांगायचं. दिवाकरनाथजींनी अशा वेळी काय केलं असतं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी म्हटलं असतं की हेच डोळे बरोबर आहेत, बघणाऱ्यांचे चुकलेत.

"मनू," नाथा म्हणाले, "बस हिथं."

"मी?"

"मग काय तुझा बाप? तो बल्ब बदलंल. बस."

मनस्वी बसली. तिने पांढरा लावला, वाळू दिला, ब्रश हातात घेतला आणि आजोबांकडे बघितलं.  पहिली पापणी जरा जाड आली, ती तिने ओल्या फडक्याने काढली आणि पुन्हा ओढली. तिची रेघ नाथांसारखी नव्हती, सावकाश होती, मध्ये एकदा अडखळली. पण डोळा पूर्ण उघडा होता आणि सरळ समोर बघत होता. दुसरा झाला तेव्हा चंद्रावतींचा हात आपोआप कपाळाकडे गेला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला. पाटाचं नाव पुन्हा काही त्यांनी काढलं नाही.

"आबा, बघा ना," मनस्वी म्हणाली. "बरोबर आलेत का?"

नाथा वाकले. नाक जवळजवळ सोंडेला टेकलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. छान म्हणायला काहीच हरकत नव्हती. दोन वर्षं ते छानच म्हणत आले होते, रंगाला, कानांना, हिशोबाच्या वहीला, ताटातल्या माशाला.

"मना दिसत नाय गो," ते म्हणाले. "मधी सगला धूर दिसतो. कडंकडंचा तेवढा दिसतंय. नुसता हाताचे इश्वासावर चाललोवतो."

मनस्वीने ब्रश खाली ठेवला. मग ठमाबाई एकदम ओरडल्या, "आन मना नाय सांगितलास? माझे बाजूला झोपतोस आन मना नाय सांगितलास?" पन्नास वर्षांत नवऱ्याला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं, तेही विहिणीच्या देखत. आणि त्या रडायला लागल्या.

"सांगितला असता तर हातातला बरस काढून घेतला असता तुमी."

"घेतला असता," चंद्रावती म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कडक होता, पण त्यांनी स्वतः स्टूल ओढून नाथांच्या मागे ठेवलं. "बसा व्याही. बसा आधी. संध्या, तू ऱ्हा हिथं चार दिवस. बाबांना पनवेलला डोल्याचे डाक्टरकडं ने. घरची कामं मी बघतंय, आन नाय झाली तर ह्यो हायच, दिवाकरनाथाचे किरपेनी रिकामा."

जगनने मान हलवली. पहिल्यांदाच तो मनापासून हसला.

निलेशने कासूच्या पाटलांचा गणपती उचलून मनस्वीसमोर ठेवला. त्याच्यामागे अख्खी भिंत होती. ती बघून मनस्वीच्या तोंडचं पाणी पळालं. "एवढे सगळे पुसून परत आखायचे? चतुर्थीच्या आधी? मी एकटीनं?"

नाथांनी चाचपत फडकं शोधलं, पांढऱ्याची वाटी आपल्याकडे ओढली आणि पाटलांच्या गणपतीच्या तोंडावरून बोटं फिरवून डोळ्यांची जागा धरली.

"तू आखत जा," ते म्हणाले. "त्याला पुसाचा काम माझा."